पाणी काढणारी गोळी : उपयोग आणि दक्षता

साठी ओलांडलेल्या माणसाच्या औषधांच्या पिशवीत रक्तदाबाची गोळी असते, साखरेची असते आणि त्यांच्या जोडीला पुष्कळदा एक लहानशी पांढरी गोळी असते. कुणी तिला ‘लघवीची गोळी’ म्हणतात, कुणी ‘पाणी काढायची गोळी’, तर कुणी नुसतेच ‘लॅसिक्स’. ही गोळी स्वस्त आहे. तिचा परिणाम तासाभरात दिसतो. पायावरची सूज उतरली की माणसाला हायसे वाटते. परंतु या गुणांमुळेच तिच्याविषयी दोन गैरसमज पसरले आहेत. एक असा की, ही साधीसुधी गोळी आहे, एकाची दुसऱ्याने घेतली तरी चालते. दुसरा असा की, आज त्रास नाही तर आज नाही घेतली, काय बिघडते? हे दोन्ही गैरसमज माणसाला दवाखान्याच्या खाटेवर नेऊ शकतात. ते दूर व्हावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लिपिकाची नोकरी करणारा एक सामान्य माणूस आहे. निवृत्तिवेतनाच्या खिडकीवर बसल्यामुळे वृद्धांची सुखदुःखे रोज कानावर पडतात. त्यातून या विषयाची गोडी लागली, वाचन झाले, जाणकारांना विचारले. जे समजले ते आपल्या भाषेत मांडले आहे. हा लेख वाचून कुणीही आपल्या गोळ्या परस्पर कमी-जास्त करू नयेत. डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, हे कळले तरी पुरे.

हे औषध आहे तरी काय?

आपल्या दोन मूत्रपिंडांत प्रत्येकी सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. चोवीस तासांत त्यांतून जवळपास १८० लिटर पाणी गाळले जाते. पण लघवीवाटे बाहेर पडते ते साधारण दीड-दोन लिटर. बाकीचे पाणी, मीठ व इतर क्षार शरीर परत घेते. या गाळणीच्या नळीला मध्येच एक लांबट वळसा आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘हेन्लेचा वळसा’ किंवा इंग्रजीत ‘लूप’ म्हणतात. गाळलेल्या मिठापैकी सुमारे पाव हिस्सा या वळशात परत घेतला जातो.

आपली गोळी नेमकी याच ठिकाणी काम करते. मीठ परत घेणारे दार ती तात्पुरते बंद करते. मीठ नळीतच राहते आणि जिथे मीठ तिथे पाणी, या न्यायाने पाणीही लघवीवाटे निघून जाते. म्हणून या गटाच्या औषधांना ‘लूप डाययुरेटिक’ असे नाव पडले. त्यांत फ्युरोसेमाइड हे सर्वांत परिचित. जुन्या पाकिटांवर त्याचेच नाव फ्रुसेमाइड असे छापलेले असे. लॅसिक्स हे त्याचे व्यापारी नाव. त्याचा परिणाम सहा तास टिकतो म्हणून इंग्रजीतील ‘लास्ट’ आणि ‘सिक्स’ या शब्दांवरून ते नाव ठेवले, असे सांगतात. दुसरे औषध टॉर्सेमाइड. डायटॉर या नावाने ते आपल्याकडे बरेच खपते. टॉर्सेमाइड पोटातून अधिक भरवशाने शोषले जाते व जास्त वेळ टिकते. मात्र ते घेणारी माणसे अधिक जगतात काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत हृदयाच्या २,८५९ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो असा की मृत्यूच्या प्रमाणात दोन्ही औषधांत फरक आढळला नाही. तेव्हा महागडी गोळी म्हणजे अधिक चांगली गोळी, असे समजण्याचे कारण नाही.

पूर्वी काय होते?

आजच्या पिढीला या गोळीचे मोल कळावे म्हणून थोडा इतिहास सांगणे आवश्यक वाटते. अंगभर पाणी साचणे हे पूर्वी मरणाचेच लक्षण मानले जाई. पायाला सुया टोचून, नळ्या लावून पाणी थेंबथेंब काढीत. १९१९ साली व्हिएन्नाच्या एका रुग्णालयात आल्फ्रेड फोग्ल नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी काम करीत होता. उपदंशाच्या एका रुग्ण मुलीला पाऱ्याचे इंजेक्शन दिले असता तिची लघवी एकाएकी पुष्कळ वाढल्याचे त्याच्या लक्षात आले. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षे अंगातले पाणी काढण्यासाठी जगभर पारा टोचला जात होता. पारा हे विष आहे. पण दुसरा इलाज नव्हता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाऱ्याविना काम करणाऱ्या गोळ्या निघाल्या आणि १९६० च्या दशकात जर्मनीच्या होएक्स्ट कंपनीने फ्युरोसेमाइड बाजारात आणले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तीत हे नाव होते. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. ज्या दुखण्यापुढे एकेकाळी मोठमोठे वैद्य हात टेकीत, त्यावरची गोळी आज गरीब माणसालाही परवडते, ही विज्ञानाची लहानसहान देणगी नव्हे.

ही गोळी कोणासाठी?

१) हृदयाचा पंप कमजोर झालेल्यांसाठी. हृदय कमजोर झाले की मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचते. शरीरात पाणी कमी झाले, असा मूत्रपिंडाचा समज होतो व ते मीठ-पाणी साठवू लागते. ते साठलेले पाणी पायात उतरते, पोटात जाते आणि शेवटी फुप्फुसात भरते. माणसाला आडवे झोपता येत नाही, मध्यरात्री दम लागून उठून बसावे लागते. अशा वेळी रुग्णालयात शिरेतून दिलेले इंजेक्शन पाच-दहा मिनिटांत काम सुरू करते आणि बुडणारा माणूस वर यावा तसा रुग्ण श्वास घेऊ लागतो.

२) मूत्रपिंडाच्या विकारात. लघवीवाटे प्रथिने जाऊन चेहरा व अंग सुजते, तेव्हा किंवा मूत्रपिंड निकामी होत चालल्याने पाणी साठते, तेव्हा. परंतु ही गोळी मूत्रपिंड ‘सुधारते’ असे मात्र नाही.

३) यकृताच्या विकारात. जलोदरात पोटात पाणी होते. तेथे स्पायरोनोलॅक्टोन हे मुख्य औषध असते व त्याच्या जोडीला फ्युरोसेमाइड देतात. हे पाणी घाईने काढले तर रुग्ण बरळू लागतो, गुंगीत जातो. म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे लागते.

निव्वळ रक्तदाबासाठी हे पहिल्या पसंतीचे औषध नाही. मूत्रपिंडाचा त्रास किंवा अंगात साठलेले पाणी असल्यासच ते सहसा वापरतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल. ही गोळी साठलेले पाणी काढते; पाणी साठण्याचे मूळ कारण काढीत नाही. हृदयाच्या रुग्णाला आयुष्य वाढवणारी म्हणून जी औषधे देतात ती वेगळी. काही जण सूज उतरली की “बाकीच्या गोळ्यांनी काही फरक दिसत नाही, हीच एक कामाची” असे म्हणून तेवढीच चालू ठेवतात. हे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवून कवेलू बदलायचे सोडून देण्यासारखे आहे.

प्रत्येक सूज पाण्याच्या गोळीची नसते

आपल्या भागात हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सारा टापू हत्तीरोगाचा आहे. हत्तीपायाची सूज डासांमार्फत शिरलेल्या जंतांनी लसिकावाहिन्या बिघडवल्यामुळे येते. तिच्यावर लघवीच्या गोळीचा उपयोग होत नाही. रोज साबणाने पाय धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, जखमा सांभाळणे, पाय उंच ठेवणे आणि शासनातर्फे मिळणाऱ्या गोळ्या घेणे, हाच तेथे मार्ग आहे.

ॲम्लोडिपिन नावाची रक्तदाबाची गोळी अनेकांना चालू असते. तिच्यामुळेही घोट्यांवर सूज येते. तीसुद्धा पाणी जास्त झाल्याने आलेली नसते. डॉक्टरांनी ती गोळी बदलली किंवा कमी केली की उतरते. दिवसभर पाय लोंबते ठेवून बसणाऱ्यांना, शिरा फुगलेल्यांना संध्याकाळी सूज येते, तीही वेगळी. एकाच पायाला अचानक सूज आली व पोटरी दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तेथे वेळ दवडू नये. गरोदर बाईच्या पायावरील किंवा चेहऱ्यावरील सुजेसाठी ही गोळी घरच्या घरी कधीही देऊ नये. सुजेबरोबर डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर तिला तडक डागा, मेयो किंवा मेडिकलला न्यावे.

आमच्या ओळखीच्या एका आजीबाईंचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. पाय सुजले म्हणून त्यांनी शेजारणीच्या पाकिटातून दोन दिवस दोन-दोन गोळ्या घेतल्या. महिना मे, घरावर पत्रे. तिसऱ्या दिवशी सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, न्हाणीघरात पडल्या, मांडीचे हाड मोडले. पुढे तपासात कळले की ती सूज रक्तदाबाच्या गोळीची होती. शेजारणीने दिले ते प्रेमापोटीच. परंतु औषध प्रेमाने वाटण्याची वस्तू नव्हे.

धोके कोणते?

या गोळीने पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे क्षारही बाहेर जातात. त्यावरून पुढील लक्षणे ओळखता येतील.

१) पाणी फार गेले तर तोंड सुकते, उभे राहताना चक्कर येते, लघवी उलट कमी व गडद होते.

२) पोटॅशियम घटले तर पायात गोळे येतात, अशक्तपणा वाटतो, छातीत धडधडते. डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी चालू असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

३) सोडियम घटले तर वृद्ध माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. घरचे समजतात, म्हातारपण आले.

४) रक्तातील युरिक ॲसिड वाढते, पायाचा अंगठा लाल होऊन ठणकतो. साखरही थोडी वाढू शकते.

५) मोठ्या मात्रेचे इंजेक्शन वेगाने दिले गेल्यास, किंवा जेंटामायसिन-अमिकासिनसारख्या इंजेक्शनांच्या जोडीने दिल्यास, कानात आवाज येणे, कमी ऐकू येणे असे होऊ शकते.

६) सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

ही गोळी चालू असणाऱ्याने डॉक्टर सांगतील तेव्हा क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम यांची रक्ततपासणी करून घ्यावी. गोळी सुरू केल्यावर किंवा तिची मात्रा बदलल्यावर तर ती टाळूच नये. जुलाब-उलट्या लागल्या, ताप येऊन खाणेपिणे बंद झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. अशा वेळी ते गोळी एक-दोन दिवस थांबवण्यास सांगू शकतात.

इतर औषधांशी जमते काय?

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन यांसारख्या गोळ्या आपण औषधाच्या दुकानातून सर्रास आणतो. त्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, म्हणजे एकीकडे गोळी पाणी काढते व दुसरीकडे गोळी अडवते. त्यातच टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर तिन्ही मिळून मूत्रपिंडावर घाला घालतात. ‘लघवीची गोळी, रक्तदाबाची गोळी व दुखण्याची गोळी’ हे त्रिकूट म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाला फार महागात पडते. दुकानदाराकडे दुखण्याची गोळी मागताना “मला पाण्याची गोळी चालू आहे” हे एक वाक्य अवश्य सांगावे.

दुसरी गोष्ट नावांच्या सारखेपणाची. लॅसिक्स आणि लॅसिलॅक्टोन ही नावे ऐकायला सारखी. पण लॅसिलॅक्टोनमध्ये फ्युरोसेमाइडसोबत स्पायरोनोलॅक्टोनही असते. डायटॉर आणि डायटॉर प्लस यांचेही तसेच. शिवाय एका डॉक्टरने लॅसिक्स दिलेली, दुसऱ्याने डायटॉर, आणि रुग्ण दोन्ही वेगळ्या आजारांची म्हणून घेतो, असेही घडते. एकाच माणसाची दोन नावांनी दोन खाती उघडावीत, तशातला हा प्रकार. तसेच या दोन औषधांचे मिलिग्रॅम सारखे धरता येत नाहीत. ४० मिलिग्रॅमची एक गोळी मिळाली नाही म्हणून ४० चीच दुसरी घेतली, असे चालत नाही. उपाय सोपा आहे : दवाखान्यात जाताना नुसती चिठ्ठी न नेता सगळी पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत व डॉक्टरांपुढे ओतावीत.

नागपूरचा उन्हाळा

मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात घामावाटे पाणी व मीठ आधीच जात असते. हिवाळ्यात जी मात्रा अगदी बरोबर होती, तीच उन्हाळ्यात जास्त होऊ शकते.

उलट बाजूही आहे. उष्माघातापासून बचावासाठी “भरपूर पाणी प्या, ताक प्या, मीठ-साखरेचे पाणी प्या” असा सल्ला सगळीकडे दिला जातो. निरोगी माणसासाठी तो योग्यच आहे. परंतु ज्याला हृदयाच्या दुखण्यामुळे मोजून पाणी प्यायला सांगितले आहे, त्याने तो जसाच्या तसा पाळला तर महिन्याभराची मेहनत दोन दिवसांत पाण्यात जाईल. मग त्याने काय करावे? फाल्गुन सरता सरता, म्हणजे मार्चमध्येच, डॉक्टरांकडे जाऊन तीन प्रश्न विचारावेत : “उन्हाळ्यात मी दिवसाला किती पाणी प्यावे? गोळीची मात्रा हीच ठेवायची काय? वजन किती किलोंच्या खाली गेले तर तुम्हाला कळवू?” एवढी उत्तरे कागदावर लिहून घेतली की उन्हाळा बराच सुसह्य होतो.

सिकलसेलच्या घरांसाठी विशेष सूचना

विदर्भात आदिवासी समाजाप्रमाणे आपल्या समाजातही सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात १९५८ मध्येच आला होता. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून या रुग्णांसाठी जे काम केले, त्याची दखल २०१८ च्या पद्मश्रीने घेतली गेली. सिकलसेलचा त्रास असणाऱ्यांच्या शरीरातील पाणी घटले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात व असह्य वेदना सुरू होतात. त्यांच्या मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही कमी असते. म्हणून अशा व्यक्तीने पाणी काढणारी गोळी अगदी नाइलाज असल्याशिवाय व तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. डॉक्टर नवे असतील तर सिकलसेलचे कार्ड आधी पुढे करावे, मग दुखणे सांगावे.

गोळी का टाळली जाते?

नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारक हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत येतात. एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, “बाबाजी, गोळी घेतली का आज?” ते म्हणाले, “कशी घेऊ, बाबू? गोळी खाल्ली का अर्ध्या तासात धावा लागते. इथं म्हाताऱ्या माणसानं जावं कुठं?” त्या दिवशी रांगेसाठी, दुसऱ्या दिवशी नातीच्या साक्षगंधासाठी, तिसऱ्या दिवशी एस.टी.च्या प्रवासासाठी, अशी त्यांनी लागोपाठ तीन दिवस गोळी टाळली. चौथ्या रात्री दम लागला आणि त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले.

यात त्या गृहस्थांचा हट्ट नव्हता, अज्ञानही नव्हते. गोळी टाळण्याचे खरे कारण पुष्कळदा औषध नसून मोरी नसणे हे असते. बायांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. त्या कुणाला सांगतही नाहीत. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर येणाऱ्या वृद्ध माता गर्दीत अडचण नको म्हणून पाणीही पीत नाहीत आणि गोळीही घेत नाहीत.

याला तोड आहे. गोळी टाळू नये, वेळ बदलावी. फ्युरोसेमाइडचा जोर पहिल्या एक-दोन तासांत सर्वाधिक असतो व सहा ते आठ तासांत ओसरतो. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला डॉक्टर अशी मुभा देतात की, सकाळी बाहेर जायचे असेल तर परत आल्यावर दुपारी गोळी घ्यावी. ही परवानगी एकदा विचारून ठेवावी. एरवी सकाळचीच वेळ उत्तम. दुसरी मात्रा असेल तर ती दुपारी चारच्या सुमारास घ्यावी. रात्री घेतली तर झोपमोड होते आणि अंधारात न्हाणीकडे जाताना पडण्याची भीती असते. काल चुकली म्हणून आज दोन, असे मात्र कधीही करू नये.

ताटातले मीठ आणि फळे

गोळी घ्यायची व वर पापड, लोणचे, ठेचा, चिवडा, सावजीचा रस्सा चालूच ठेवायचा, तर गोळीने काय करावे? दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सैंधव आणि काळे मीठ हेही मीठच आहे. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते.

पोटॅशियम भरून काढण्यासाठी केळी, नारळपाणी, आपली नागपुरी संत्री चांगली; पण ती प्रत्येकाला नव्हे. ज्यांना स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी औषधे चालू आहेत किंवा ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे, त्यांच्या रक्तात पोटॅशियम उलट वाढते आणि वाढलेले पोटॅशियम हृदय थांबवू शकते. बाजारात ‘कमी सोडियमचे मीठ’ मिळते, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. अशा रुग्णांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

तरुणांसाठीही दोन शब्द. वजनगटात बसण्यासाठी किंवा व्यायामशाळेत शरीर रेखीव दिसावे म्हणून काही मुले ही गोळी घेतात. तिने चरबीचा एक कणही जात नाही. जाते ते पाणी. खेळाडूंसाठी हे औषध निषिद्ध यादीत आहे आणि पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडले तर जीवही जातो.

वजनाची वही

या सर्व सूचनांत एकच लक्षात ठेवायची झाली तर ही : रोज सकाळी शौचाला व लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, तेवढ्याच कपड्यांवर वजन करावे व वहीत तारीख घालून लिहावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. चरबी दोन दिवसांत दोन किलो वाढत नाही, पाणी वाढते. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा अधिक वाढ दिसली, तर दम लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. वजन सारखे उतरत असेल व चक्कर येत असेल, तरीही कळवावे. बँकेच्या पासबुकात जमा-नावे दिसते, तशी ही वही शरीरातील पाण्याचा हिशेब दाखवते. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्या नातवंडाने लिहावे. आजोबांची वही सांभाळणारे मूल त्यांचे दुखणेही समजू लागते.

आता प्रश्न उरतो तो वजनकाट्याचा. प्रत्येक घरी काटा घेणे शक्य नाही, हे खरे आहे. परंतु आपल्या संस्थांना ते अवघड नाही. प्रत्येक वस्तीतील विहारात किंवा वाचनालयात एक चांगला वजनकाटा व एक रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवावे. सकाळी तासभर एखाद्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने तेथे बसून वृद्धांच्या वह्या भराव्यात. आपल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या ठिकाणी वृद्धांसाठी खुर्च्या आणि जवळच स्वच्छ मुतारी, विशेषतः बायांसाठी, असावी. मंडपाच्या व ध्वनिक्षेपकाच्या खर्चाबरोबर या खर्चाचीही तरतूद अंदाजपत्रकात करावी. हे झाले, तर गोळी न घेता कार्यक्रमाला येणारी आपली वडीलधारी माणसे गोळी घेऊन, निश्चिंत मनाने येतील आणि शेवटपर्यंत बसतील.